कंसातलं वडगाव

ऑनलाइन ज्ञानकोशात आईचं माहेर शोधलं, तर वडगाव नावाची कितीतरी गावं एकाखाली एक आली. नाव एकच, म्हणून प्रत्येकाची ओळख पुढे कंसात दिलेली. कुठे तालुका, कुठे नदी. आईचं वडगाव त्यात नव्हतं. ते तिच्या लहानपणीच धरणात गेलं.

"आपण भर घालू," मी म्हणालो. "कंसात काय लिहू? बुडालेलं?"

"बुडाली ती घरं. माणसं नव्या वसाहतीत आहेत की! 'उठलेलं गाव' म्हणतात आम्हाला, तेच लिही."

मी लिहिलं. सारख्या नावांच्या गर्दीतही आपलं वेगळेपण सांगायला कंसाएवढी जागा मिळते, याचं बरं वाटलं. आईने तोवर मामाला फोन लावला होता.

"अरे, आपलं गाव यादीत लागलं बघ!"