धुरपदाबाईच्या हातातली दोरी

फसली तेराशे तीस साल, म्हणजे पन्नास वर्षांमागची गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो, आणि त्या साली भरल्या घरात एका बाईला मी म्हणालो, "दोरी सोड." ती बाई, आमच्या नांदूरघाटची सुईण धुरपदाबाई, गेल्या महिन्यात वारली. निजामाच्या उर्दू शाळेत मी दोनच इयत्ता बसलो, मराठी मागाहून गिरवली. हात जड आहे. नातू म्हणाला, "आबा, तुमी सांगा, मी लिहितो." म्हटलं, न्हाई. चूक माझी आहे, तर अक्षरही माझंच पाहिजे.

आमचं घर पाटलाचं. सुईण यायची ती मांगवाड्यातून. एरवी तिची सावली ओसरीवर पडलेली चालायची नाही, पण बाळंतपणाला तिला आत बोलवायचं. बारा दिवस बाळंतिणीची खोली तिच्या हवाली. तेल लावणं, न्हाऊ घालणं, ओव्याची धुरी देणं, सगळं तिच्या हातानं. खोलीला तेव्हा विटाळच असतो, म्हणून तिचा चालतो. बाराव्या दिवशी खोली सारवली, गोमूत्र शिंपडलं, की ती उंबऱ्याबाहेर. हात तोच, लेकरू तेच. आम्हाला त्यात काही वाकडं दिसत नव्हतं, खरं तेच लिहितो.

बाई उंच, मिश्रीनं काळे दात, तोंडाची फटकळ. माझा थोरला म्हादू जन्मला तेव्हा माझ्या आईला म्हणाली, "मालकीन, तुमच्या लेकालाबी माज्या सासूनंच वढून काडलं. तवाच टाळकं लांबट झालं अन् अक्कल मागं ऱ्हायली." आई पदर तोंडाला लावून हसली. मी बाहेर ऐकत होतो, मला राग आला होता...

बारशाच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलं. धुरपदाबाई अंगणात बसली होती, पुढ्यात मानाचं लुगडं अन् नारळ. म्हादूला पाळण्यात घातलं आणि त्यानं जो टाहो फोडला, तो काही केल्या थांबेना. बाया पाळणा म्हणताहेत, पोरगं निळं पडतंय. बाईला राहवलं नाही. भान सुटल्यासारखी ती उठली, ओसरी चढून आत आली आणि पाळण्याची दोरी धरली. दोन झोके दिले अन् पोरगं गप! बायांचं गाणंही गप. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या डोक्याला नवं पागोटं होतं.

"धुरपदे, दोरी सोड."

तिनं सोडली. लुगडं अन् नारळ अंगणातच टाकून निघून गेली. आईनं दोरीवर पाणी टाकलं.

तिसऱ्या दिवशी म्हादूचं रडणंसुद्धा थांबलं. टाळू खोल गेली. आईची घुटी पोटात ठरेना. तेव्हा माझ्या बायकोनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "माज्या अंगावर त्याला कदीच पुरलं न्हाई. बारा दिवस दार लावून तिनंच पाजलंय."

धुरपदाबाईचीही पोर तेव्हा अंगावर पीत होती.

लेकरू घोंगडीत लपवलं आणि चावडी टाळून ओढ्यातनं मांगवाड्यात गेलो. बाई जात्यावर बसली होती, उठली नाही.

"कावून आलाव, मालक?"

"लेकरू..."

"तुमच्या दारात मी पाय ठेवनार न्हाई. सोड म्हनलाव, सोडली."

चुकलो, एवढं म्हणायचं होतं. मी नुसता उभा. घोंगडीत थोडी हालचाल झाली, तसं तिनं जातं थांबवलं.

"खांबावानी उबं काय ऱ्हायलाव? आना हिकडं. त्याचा काय गुना?"

पाठ करून तिनं त्याला पदराखाली घेतलं. तिची पोर गुडघ्याशी लागून रडायला लागली, तर तिला म्हणाली, "थांब गं बाये, पावना हाय."

चाळीस दिवस मी रोज ओढ्यातनं गेलो. गावात नाव झालं आईच्या घुटीचं. मीही होऊ दिलं.

यंदा संक्रांतीनंतर तिला शेवटचं भेटलो. उन्हात बसली होती, डोळे गेलेले. माझ्या खोकल्यावरून ओळखलं. "मालक, म्हादूला सांगितलं का?" म्हटलं, सांगतो. बोळकं तोंड उघडून हसली. "पन्नास वर्सं झाली, सांगतावच..."

गेल्या महिन्यात दिवस मावळताना म्हादू रानातनं आला अन् पायताण काढता काढता म्हणाला, "आबा, धुरपदा सुईन गेली. सकाळी माती हाय. गड्याहाती लुगडं धाडून देऊ?"

मी उठलो. माजघरातल्या खुंटीवर पाळण्याची दोरी होती, ती काढून त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पागोट्यासकट सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "आबा, माज्यापायी तिची पोरगी उपाशी ऱ्हायली का?"

मला माहीत नव्हतं. चाळीस दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं मी स्वतः काखेत घेतलं. म्हादूच्या हातात दोरी तशीच होती, मी ठेव म्हणालो नाही. ओढ्याची वाट सोडून आम्ही दोघं वेशीतनं, भरल्या चावडीसमोरनं निघालो. कुणीतरी हटकलं, "आबा, सकाळच्या पारी लुगडं घेऊन कुनीकडं?"

"म्हादूच्या आईच्या मातीला," मी म्हणालो, आणि चालत राहिलो.