हिच्या खुब्यातली पट्टी

मंडळींनो, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून मंडळाच्या फळ्यावर हे लिहून लावतोय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या हिचा खुबा मोडला, तेव्हा आत पट्टी आणि स्क्रू बसवले. हाड छान जुळलं. आता ती डिंडोलीच्या बाजारात पायी जाऊन येते. पण एकच धोशा लावलाय, "चितेवर लोखंड घेऊन जायचं नाही मला. काढून टाका."

आज डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मावशी, स्क्रू काढले की हाडात भोकं राहतात. ती भरायच्या आत पडलात, तर तिथूनच पुन्हा मोडेल. शिवाय या वयात परत भूल. त्रास नसेल तर राहू द्या."

रिक्षात ही म्हणाली, "जन्मभर कापडाचे माग दुरुस्त केलेत. काम झालं की टेकू काढायचातच ना?"

"माग पुन्हा उभा करता येतो गं."

"मग अस्थी वेचताना ती पट्टी तुम्हीच उचला."

चालतं माणूस पुन्हा खाटेवर टाकू, की तिच्या मनातली बोच तशीच ठेवू? कुणी पट्टी काढून घेतली असेल तर घरी येऊन सांगा.

आणि मागे मीच राहणार, हे हिने कधी ठरवलं, तेही कळेना.