वस्तू पालथी करून पाहणाऱ्या वाघ मॅडम

वाघ मॅडमच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ती आधी पालथी व्हायची. चहा संपला की कपाचं बूड बघायच्या. लग्नाच्या पंगतीत वाढपी येण्याआधी ताट उलटं करून बघायच्या. मी त्यांच्या क्लासला पहिल्यांदा गेले त्या दिवशी माझ्या पिशवीतला जेवणाचा डबा त्यांनी उचलला आणि उलटा केला. रिकामा होता म्हणून बरं. बुडाशी 'सौ. विमल यांजकडून' असं कोरलेलं होतं.

"विमल कोण?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तो डबा मी शाळेपासून वापरत होते.

"रोज यातून जेवतेस आणि कुणी दिला ते ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरोखरचं नवल होतं. संध्याकाळी आईला विचारलं, तर विमल म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण निघाली. तिच्याबद्दल आई जेवण होईपर्यंत बोलत होती.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर इंदिरानगरात घराच्या वरच्या खोलीत त्या क्लास घ्यायच्या. कला आणि डिझाइनच्या पदवीला जायचं तर लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते आणि तिथे स्वतःच्या निवडक चित्रांचा पोर्टफोलिओ दाखवावा लागतो. तो तयार करून घेणं हे त्यांचं काम. एरवी त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या, पण एखाद्या गोष्टीनं कुतूहल चाळवलं की अहिराणीवर यायच्या. "हाई काय शे?" असं त्यांनी म्हटलं की आम्ही समजायचो, आता अर्धा तास गेला.

मी मोठ्या तोऱ्यात गेले होते. इंटरमिजिएटला ए ग्रेड, शिवाय गोदाघाटाचं जलरंगातलं चित्र, ज्याला कॉलनीत सगळ्यांनी नावाजलं होतं. मॅडमनी ते पाहिलं, मग सवयीप्रमाणे मागची बाजू पाहिली.

"घाटावर कोणत्या पायरीपासून शेवाळ सुरू होतं?"

चित्र मोबाईलवरच्या फोटोवरून काढलं होतं.

"चित्र छान आहे," त्या म्हणाल्या, "पण छान हा शब्द पाहुण्यांसाठी ठेव. तुला काय कळलं नाही ते काढून आण."

मग सुरू झाली माझी वणवण. बुधवारच्या बाजारात विक्रेते ताडपत्री ताणायला जे दगड वापरतात ते येतात कुठून आणि बाजार उठल्यावर जातात कुठे, हे मी विचारत फिरले आणि काढत गेले. भाजीवाली म्हणाली, "पोरी, लय येळ झाला तू दगडाचं चित्र काढतेस, माझं काढ की." तिचंही काढलं. मॅडमना दगडच जास्त आवडले. चौकसपणापायी त्यांचे नातेवाईक मात्र त्यांना वचकून असत. जावेच्या घरी जाऊन फ्रीज उघडून "हे भांडं झाकलेलं का?" असं विचारणारी बाई कोणाला आवडेल?

घरी माझा करार झालेला होता. पप्पा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात क्लार्क. मितभाषी माणूस. ते एवढंच म्हणाले होते, "यंदा बघ. नाही झालं तर बी.कॉम." त्यांनी शब्द दिला की तो दोन्ही बाजूंनी पक्का असायचा. लेखी परीक्षा मी पास झाले, मुलाखतीचं पत्र आलं आणि पोर्टफोलिओ बांधून तयार झाला. कोळशाची चित्रं, ऑइल पेस्टलची चित्रं, पेन्सिलची रेखाटनं, सगळं एका फाईलमध्ये.

मुलाखतीला आठवडा असताना एका संध्याकाळी मी घरी आले, तर पप्पा दारातच उभे होते. चेहऱ्यावर न मावणारा आनंद.

"बघ," ते म्हणाले, "आता प्रवासात कायपण होणार नाय."

त्यांनी माझी सगळी चित्रं लॅमिनेट करून आणली होती.

गरम रोलरखालून गेलेलं ऑइल पेस्टल वितळून पसरलं होतं. कोळसा फासला गेला होता. दगड, ताडपत्री, भाजीवाली, सगळं एका काळपट चकाकीखाली बुडालेलं. मी किंचाळले नाही. आत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. दुसऱ्या दिवशी पप्पांशी बोलले नाही. ते ऑफिसला जाताना दाराशी जरा थांबले होते, हे मी पाहिलं आणि मान फिरवली.

मॅडमकडे गेले आणि सगळी चित्रं पुढे केली. त्यांनी गठ्ठा घेतला. एक चित्र पालथं केलं, उजेडाकडे धरलं, जरा वाकवून त्याचा खडखड आवाज ऐकला.

"हाई काय शे?"

"पप्पांनी वाट लावली, मॅडम."

"कसाले?"

"त्यांना काय कळतं त्यातलं?"

"त्यांना काय कळतं, ते तुला कळतं का?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माणूस स्वतःच्या पायानं दुकानात जातो, रांगेत उभा राहतो, पोरीची चित्रं प्लास्टिकात घालून आणतो. उगीच? लोक काय काय लॅमिनेट करतात आणि का करतात, ते बघून ये. आठवडा आहे. आणि ही चित्रंसुद्धा फेकायची नाहीत."

मला राग आला. बाईंना माझं नुकसान दिसतच नाही, त्यांना फक्त नवा प्रश्न सापडल्याचा आनंद झालाय, असं वाटलं. ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पप्पा गेले होते त्या दुकानात जाऊन मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

रेशनकार्डं आणि मार्कशीटा तर येतच होत्या. पण कळवणचा एक शेतकरी मेलेल्या बैलाचा फोटो घेऊन आला. आमच्याच कॉलनीतल्या एक आजी बोधगयेहून आणलेलं पिंपळाचं पान घेऊन आल्या आणि यंत्रातून ते बाहेर येईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. एका मुलानं क्रिकेटच्या सामन्याचं तिकीट आणलं. मी काढत राहिले. हळूहळू राग कुठे गेला ते कळलं नाही. जो तो प्लास्टिक गरम असतानाच हातात घ्यायचा, हे माझ्या लक्षात आलं आणि मग मी फक्त हातच काढायला लागले.

शेवटी घरी विचारणं भाग होतं.

"पप्पा, तुम्ही का केलं तसं?"

"मी लहान असताना आई गेली. तिचा एकच फोटो होता," ते म्हणाले. "आमच्या गावचा, पेठचा पाऊस तुला ठाऊक नाय. भिंतीला ओल आली आणि फोटोतला चेहराच गेला. मी सातवीत होतो. आता डोळे मिटले तरी चेहरा येत नाय. लुगड्याचा काठ येतो."

आमच्या भिंतीवर आजीचा फोटो नाही हे मला लहानपणापासून दिसत होतं. का नाही, हे कधी मनात आलं नव्हतं. पप्पा बोलत असताना मी त्यांचे हात काढले. मला रेघ नीट दिसत नव्हती, तरी काढले.

मुलाखतीत परीक्षक बाईंनी आधी खराब झालेली चित्रं पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही कशाला आणली?" मी पुढची पानं उलटली. बैल, पान, तिकीट, हात. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. कितीतरी प्रश्नांना मी "माहीत नाही, पण विचारून येईन" असं उत्तर दिलं. निकाल लागला तेव्हा माझं नाव त्यात होतं.

मॅडमना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला निकालानंतरची ती संध्याकाळ आठवते. पेढे द्यायला पप्पा स्वतः आले होते. एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदाच भेटत होते. मॅडमनी माझं अभिनंदन दोन शब्दांत उरकलं आणि खुर्ची पप्पांच्या समोर ओढली. पेठला घरं कशानं शाकारतात? पावसात चूल कशी पेटवायचे? नागलीची भाकरी थापताना मोडत कशी नाही? लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा होता? पप्पा आधी चाचरले, मग बोलू लागले, मग हातवारे करून सांगू लागले. आमच्या घरात मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

जिना उतरल्यावर पप्पा म्हणाले, "बाईंनी आज जेवढं विचारलं, तेवढं मला जन्मात कुणी विचारलं नाय."

मी स्कूटर सुरू केली. पप्पा मागे बसून पेठबद्दलच बोलत होते. घरी जायचा सरळ रस्ता सोडून मी गाडी गंगापूर रोडला वळवली आणि विचारलं, "आणि आजी गाणी म्हणायची का?"