शेजारच्या टेबलाचा खण

१९५६ च्या पावसाळ्यात, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी शेजारच्या टेबलाचा खण मालकाला न विचारता उघडला.

टेबल माझ्या सहकाऱ्याचं होतं. मध्य भारत राज्यातल्या लश्कर शहरात, एका हिंदी दैनिकात आम्ही दोघेच मराठी उपसंपादक. तो सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. खणात त्याच्या मराठी कादंबरीचं हस्तलिखित होतं. संस्थान विलीन होतानाची हेरकथा. हेर डाकघरात बसून शहराची पत्रं वाफेवर उघडतो, वाचतो, पुन्हा चिकटवतो. कुणाची मुलगी कुणाला लिहिते, कोणता अधिकारी कुणावर चिडला आहे, सगळं त्याला ठाऊक.

कादंबरी मीही लिहीत होतो. चार वर्षांत चौदा पानं झाली होती. त्याची दोन महिन्यांत एकशे दहा झाली, आणि ती चांगली होती. रोज तो घरी जेवायला गेला की मी वाचायचो आणि कुठे घसरतो याची वाट पाहायचो.

सहाव्या प्रकरणात हेर टोपी बाजारातून मुरारला पायी दहा मिनिटांत पोचला. मला आनंद झाला. पेन्सिल हातात होतीच. ‘दहा मिनिटांत’ खोडून मी वर ‘सव्वा तासात’ लिहिलं. दिवसभर बातम्यांवर तेच करायचो. काय केलं ते खण लावल्यावर लक्षात आलं. तोवर तो जिना चढून वर आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “दादा, टोपी बाजारातून मुरारला पायी किती वेळ लागतो हो?”

“सव्वा तास,” मी म्हणालो.

“वा! एका मिनिटाचाही फरक नाही.”

मुख्य उपसंपादक हसले. “मुरार पैदल कौन जाता है भाई? ताँगा कर लो.”

“मैं नहीं, पंडितजी, मेरा जासूस जा रहा है,” तो म्हणाला.

त्या दुपारी खणाला कुलूप होतं. शेवटची तीन प्रकरणं माझ्या हाती लागली नाहीत.

नोव्हेंबरात मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळला गेली. तोही तिथल्या एका दैनिकात गेला. त्याला निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो नाही.

पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. वाचनालयातून मी ते पत्नीच्या नावावर आणलं. शेवटी हेर पकडला जातो. चोरून उघडलेल्या पत्रातली एक चूक त्याने सवयीने दुरुस्त केलेली असते.

एकसष्टाव्या पानावर तो टोपी बाजारातून मुरारला पायी सव्वा तासात पोचतो.