डब्यात आलेला गांजा

कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे शेजारच्या बाईंना मीच शिकवलं आणि पुढे ते माझ्याच अंगाशी आलं. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. मी उपमा दिला की डब्यातून सफरचंदं यायची, थालीपीठ दिलं की झुकिनीचा केक. अमेरिकेत, बॉथेलला घर घेतल्यापासून आमचं हे चाललेलं.

मग मला कॅन्सर झाला. केमोच्या तिसऱ्या खेपेनंतर पोटात पाणीही ठरेना. उलटीच्या नेहमीच्या गोळ्या चालेनात. वजन इतकं उतरलं की डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुढची खेप लांबवावी लागेल. लांबवणं म्हणजे काय, ते मला न विचारताच कळलं. मग ते सहज म्हणाले, गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, घेऊन बघा, इथे कायदेशीर आहेत, दुकानात मिळतात. आलेपाक सुचवावा तसं.

"चल, आत्ताच घेऊ," मी गाडीत बसता बसता नवऱ्याला म्हटलं.

"वेडी आहेस का? सिटिझनशिपचं अप्लिकेशन पेंडिंग आहे आपलं. आधी लॉयरला कॉल करू."

वकीलबाईंनी फोनवर नीट समजावलं. राज्याने गांजाला परवानगी दिली असली तरी केंद्राच्या कायद्याने तो अजून गुन्हाच, आणि नागरिकत्व देणार केंद्र. मुलाखतीत शपथेवर विचारतात. घेतला म्हणालात तर अर्ज फेटाळला जाईल, ग्रीन कार्डही धोक्यात येईल. घेऊन नाही म्हणालात तर खोटं बोलल्याचा आणखी एक गुन्हा. "दुकानात पाऊलसुद्धा टाकू नका," त्या म्हणाल्या.

मी भयंकर चिडले. ज्या दुकानासमोर भरदुपारी लोक पार्किंग शोधत फिरतात, तिथे मी तेवढी चोर!

त्याच आठवड्यात बाईंकडून माझा स्टीलचा डबा परत आला. आत गमीजचं पाकीट आणि चिठ्ठी: 'अर्धीपासून सुरुवात कर.' नवऱ्याने त्यांना माझे हाल सांगितले होते, अर्जाचं सांगायचं मात्र राहिलं होतं. मला रडू आलं आणि घामही फुटला. घरात ठेवणं हासुद्धा गुन्हाच.

"फ्लश करू का?" नवऱ्याने विचारलं.

"खबरदार! प्रेमाने दिलंय त्यांनी."

खोटं कशाला बोलू, पाकिटाचा कोपरा मी फाडायला घेतला होता. पण माझा चेहरा काही लपवत नाही. नवऱ्याला ते पंचवीस वर्षं माहीत आहे, अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कळलं असतं. डबा तसाच उचलून मी बाईंच्या दारात गेले. त्यांचीच वस्तू त्यांना परत देताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा चेहरा उतरला. मग मी पायरीवर बसून सगळं सांगितलं.

बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. "या कायद्यासाठी मी स्वतः मत दिलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तो तुलाच लागू नाही?" मला वाटलं होतं त्या माझ्यावर रागावतील. त्या सरकारवर रागावल्या आणि पुढच्या तपासणीला वही घेऊन माझ्यासोबत आल्या.

गृहपाठ न केलेल्या विद्यार्थ्याला विचारावं तसं त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हिला दुकानातलं चालत नाही. दुसरं काय आहे?" डॉक्टर जरा गडबडले. मग म्हणाले, गांज्यातलंच औषध प्रयोगशाळेत बनवून कॅप्सूलमध्ये मिळतं, केंद्राची मान्यता आहे, फार्मसीत प्रिस्क्रिप्शनवर देतात. दुकान सोपं म्हणून त्यांनी आधी या कॅप्सूल सुचवल्या नव्हत्या. वकीलबाईंनीही प्रिस्क्रिप्शन बघून हरकत नाही म्हटलं. गुण तोच, पण दुकानातलं घेतलं तर गुन्हेगार आणि फार्मसीतलं घेतलं तर रुग्ण. यावर हसावं की डोकं फोडून घ्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

चौथ्या दिवशी मी वाटीभर मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. पुढची खेप वेळेवर झाली. मी आज आहे ती त्या वहीमुळे, असं मी मानते.

मुलाखतीत तो प्रश्न आला. मी प्रिस्क्रिप्शन पुढे ठेवलं आणि त्याखेरीज कधीच नाही, असं अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं. नागरिकत्वाच्या शपथविधीला बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि माझ्या नवऱ्यापेक्षा मोठ्याने रडत होत्या.

आता बाईंच्या बोटांना संधिवात झालाय, गाडी चालवता येत नाही. केंद्राचा कायदा अजून तोच आहे, पण आता मला या देशातून कुणी काढू शकत नाही. मागच्या महिन्यात त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले. दारात वय बघायला ओळखपत्र मागितलं. मी नवा पासपोर्ट काढून दाखवला.

घरी येऊन तोच स्टीलचा डबा घासला, त्यात गमीजचं पाकीट ठेवलं आणि चिठ्ठी लिहिली: 'अर्धीपासून सुरुवात करा.'