न विचारता जाण्याची वाट

जाहिरातीत वयाची अट नव्हती. संस्थेने मला पहिल्यांदा नकार कळवला, तेव्हा मी उलट टपाली लिहिले की, जी अट जाहिरातीत नाही ती अर्ज आल्यानंतर लावता येत नाही. आणि लावली असेल, तर ज्या ठरावाने लावली त्याची प्रत मला मिळावी. नांदेडच्या न्यायालयात कारकून म्हणून शिरून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला नकाराची भाषा चांगली कळते. काही दिवसांनी एका मुलीचा फोन आला. ज्या मोहिमेसाठी ती जाहिरात होती, तिची ती समन्वयक, माझ्या मुलीपेक्षाही वयाने लहान.

"काका, तुम्हाला खरंच इंटर्नशिप करायची आहे? सल्लागार म्हणून घेतो ना आम्ही."

"सल्लागार बसून राहतो. मला फिरायचे आहे."

"जीपमध्ये एसी नाही हं."

"कोर्टातही नव्हता."

ती हसली आणि माझा अर्ज मंजूर झाला. कायद्याच्या दोन विद्यार्थ्यांबरोबर मीही गळ्यात 'प्रशिक्षणार्थी' असे लिहिलेले ओळखपत्र अडकवून फिरतीला निघालो. शेजाऱ्यांनी पाठीमागे काय म्हटले ते मला ठाऊक आहे. त्यांना मी पत्र लिहिले नाही, हाच माझा संयम.

मोहिमेचा विषय एका वाक्यात सांगता येतो. आमच्या मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत बौद्ध वस्तीला मेलेले माणूस न्यायला वाट नाही. गावाच्या स्मशानभूमीला पत्र्याचे शेड असते, पक्का रस्ता असतो. तिथे आम्हाला प्रवेश नसतो. वस्तीची जागा कुठेतरी ओढ्याच्या काठी, आणि तिथवर जाणारी वाट कुणाच्या तरी रानातून. आम्ही गावोगाव जाऊन फलक लावायचे, कायदा समजावून सांगायचा, अर्ज लिहून द्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे.

आम्ही बौद्ध आहोत, तरी हे मला माहीत नव्हते. शहरात वाढलेल्या आणि शहरातच नोकरी केलेल्या माणसाचे हे अज्ञान आहे आणि त्याची मला चीड येते. माझी पत्नी गेली तेव्हा महापालिकेची गाडी दारात आली, गोदावरीकाठी त्रिसरण-पंचशील झाले, आणि संध्याकाळी आम्ही घरी परतलो. पुण्यानुमोदनाला तिची थोरली बहीण चाकूर तालुक्यातल्या गावाहून आली होती. तिला सगळे आक्का म्हणत, मीही म्हणे. भांडी आवरता आवरता ती सहज म्हणाली, "लई नशिबाची गेली माझी बहीण. कुणाला इचारावं लागलं न्हाई."

"काय विचारायचे असते, आक्का?"

तिने माझ्याकडे पाहिले. खेड्यातले माणूस शहरातल्या माणसाकडे पाहते तसे. मग सांगितले. त्यांच्या गावात मयत झाली की तिरडी बांधण्याआधी वस्तीतल्या कुणीतरी रानमालकाच्या ओट्यासमोर जायचे, चपला हातात घ्यायच्या आणि म्हणायचे, 'मालक, आमच्यात मयत झालीया, वाट द्या.' मालक म्हणायचे, 'जावा, पिकात पाय ठिवू नका.' मग गडी जाऊन वाटेवर आडवी लावलेली काटी, म्हणजे बोराटीच्या काटेरी फांद्या, बाजूला ओढायचा. मालकांनी कधी नकार दिला नव्हता. त्यांना फक्त विचारायला लागायचे.

आक्काचा नवरा गेला तेव्हा घरात पुरुष नव्हता, म्हणून तीच गेली होती. मालक जेवायला बसले होते. आतून आवाज आला, 'जेवन होऊ द्या.' घरी नवऱ्याचे प्रेत अंगणात ठेवून ती चपला हातात धरून उन्हात उभी राहिली. मालक सावकाश जेवले. हात धुतले. पान लावले. मग म्हणाले, 'जावा.'

"पाव्हणं," ती मला म्हणाली, "मरायचं मला भ्या न्हाई. पन माझ्या येळेला कुनी तिथं जाऊन उभं ऱ्हायचं न्हाई. तुमी कोर्टात व्हता. मला न इचारता जायची वाट करून द्या."

तिला दमा होता. बोलताना तिचा श्वास मध्येच थांबत असे आणि ती तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत असे. जाहिरात मला त्याच आठवड्यात दिसली.

फिरतीचे पहिले गाव आक्काचे असावे, असा मी आग्रह धरला. समन्वयकाने मान्य केले. समाजमंदिराच्या भिंतीवर फलक टांगले. लोक कामावरून आले तसे मातीच्या हातापायांनी बसले. मला कायदा सांगायचा होता. संविधानाचे सतरावे कलम, अट्रॉसिटीच्या कायद्यातला स्मशानभूमीचा स्पष्ट उल्लेख, वाट अडवली तर तहसीलदाराकडे मागायची दाद, हे सर्व मी पूर्वतयारीने मांडत गेलो. समन्वयक मागून माझा सदरा ओढत होती. "काका, कलमं कमी करा. माणसं पेंगून राहिली."

एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "सायेब, आमच्या मालकानं कदी न्हाई म्हनलं न्हाई. उगं कशाला?"

"नाही म्हणत नाहीत, त्यातच सगळे आहे," मी म्हणालो. "तुम्ही विचारता, ते होय म्हणतात. कायद्याच्या भाषेत तिला परवानगी म्हणतात. परवानगीने कितीही पिढ्या चाललात, तरी ती वाट वहिवाटीची होत नाही. जो न विचारता, उजळ माथ्याने चालतो, त्याचाच हक्क जमतो. तुम्ही दर मयतीला जाऊन त्यांना सांगता की, वाट तुमची आहे, आमची नाही."

मग कोपऱ्यातून आक्का म्हणाली, "म्हंजी दर येळी आमीच आमची वाट मोडून राहिलो म्हना की."

न्यायालयात इतकी वर्षे काढून मी एवढे स्वच्छ वाक्य ऐकले नव्हते. तिची मुलगी शेजारी बसली होती. आक्काने तिचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "ऐकलं का गं? माझ्या येळेला इचारायचं न्हाई." मुलगी म्हणाली, "हाव, आई. बस आता, दम लागंल."

अर्ज आक्काच्या नावाने केला. तिने सही शिकून घेतली होती. ती हळूहळू, अक्षर अक्षर काढून केली. तहसील कार्यालयाने तो स्वीकारला, पोच दिली, आणि स्थळपाहणीसाठी मंडळ अधिकारी येतील असे सांगितले. ते आले नाहीत. मग सांगितले की रानात सोयाबीन उभे आहे, पाहणी काढणीनंतर होईल. मी लिहिले की माणसे काढणी पाहून मरत नाहीत. उत्तर आले नाही. मी पुन्हा लिहिले. जीप देवणीला गेली, तिथून मी स्मरणपत्र टाकले. पुढे किनवटकडे इस्लापूरला गेलो, तिथूनही टाकले. समन्वयक म्हणायची, "काका, तुमच्यामुळे पोस्ट खातं टिकून आहे." मी तिला म्हणालो की, टिकले पाहिजे, लेखी नकार मिळाल्याशिवाय अपील होत नाही.

इस्लापुरातच मुक्कामी असताना सकाळी आक्काच्या मुलीचा फोन आला. "काका, आई गेली."

एक जिल्हा ओलांडून दुसऱ्यात जायचे होते. समन्वयकाने त्या दिवसाची सभा रद्द केली आणि जीप वळवली. वाटेत मी तहसील कार्यालयाला फोन लावत राहिलो. साहेब बैठकीत होते. मग साहेब जेवायला गेले होते. जेवायला हा शब्द ऐकला आणि मी फोन बंद केला.

आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आक्कावर पांढरे वस्त्र होते, चेहरा उघडा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला दम लागत नव्हता. वस्तीतली वडीलधारी माणसे बाजूला बसली होती. त्यांच्यातल्या एकाने चपला काढून हातात घेतल्या होत्या. मुलगी त्यांच्या आडवी उभी होती.

"न्हाई. कुनी जायचं न्हाई."

"अगं पोरी, एक शब्दाचं काम हाय."

"त्येच आई न्हाई म्हनली व्हती."

मी म्हणालो, विचारण्याची गरज नाही, तिरडी उचला, कायदा आपल्या बाजूने आहे. आम्ही रानाच्या कडेपर्यंत गेलो. काटी आडवी होती. काटीपलीकडे मालक उभे होते. पांढरा सदरा, डोक्याला उपरणे. त्यांच्या मागून देवणी बैलांची जोडी गडी त्याच वाटेने घराकडे आणत होता.

मालकांनी तिरडीला हात जोडले. मनापासून जोडले, हे मला नाकारता येत नाही. "लई कष्टाची बाई," ते म्हणाले. "माझ्याच रानात खुरपायला यायची."

"मग वाट मोकळी करा," मी म्हणालो.

"मी कुठं अडवली, वकीलसायेब?"

"मी वकील नाही."

"हां, ते इंटरन का काय न्हवं तुमी? या वयात?" त्यांच्या मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. मालक हसले नाहीत. "मी आजवर कुनाला न्हाई म्हनलो का, इचारा की ह्यास्नी. एक शब्द टाका अन् जावा. पन तुमच्या त्या सभेत तुमी सांगितलं न्हवं का, की इचारलं न्हाई की रान ह्यांचं झालं? मी ऐकून हाय. मलाबी कायदा कळतो थोडा."

मी ओरडलो. काय बोललो ते सर्व इथे लिहिण्यासारखे नाही. गुन्हा नोंदवीन म्हणालो, कलम सांगितले, काटीला हात घातला. बोराटीचे काटे तळव्यात घुसले. तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने माझा खांदा धरला. समाजमंदिरात उठून बोललेले तेच गृहस्थ.

"सायेब, तुमी जीपमधी बसून जाल. आमाला उंद्या ह्यांच्याच रानात कामाला यायचंय."

त्या वाक्याविरुद्ध कोणत्या कलमाखाली दाद मागावी, ते मला आजही ठाऊक नाही.

पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. आकाश भरून आले होते आणि खांद्यावर तिरडी घेतलेली माणसे काटीच्या अलीकडे उभी होती. ज्या बाईला एका ओट्यासमोर उभे राहण्याची लाज वाटली होती, तिचेच शव आता त्या माणसासमोर ताटकळत होते. हे तिच्या मुलीच्या माझ्या आधी लक्षात आले.

"वळवा," ती म्हणाली.

"कुठं?"

"घरी."

आक्काला तिच्या घरासमोर, समाजमंदिराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत अग्नी दिला. ज्याच्या त्याच्या घरातून लाकडे आली. कुणी मोडका पाट आणला, कुणी चुलीसाठी रचलेली तुराट्यांची पेंढी. बायकांनी दोरीवर वाळत घातलेले कपडे काढून घेतले. समन्वयकाने वंदना म्हणायला सुरुवात केली आणि तिचा आवाज फुटला, तेव्हा ती वस्तीने पूर्ण केली. धूर घराघरांत शिरला. पोलिसांची गाडी आली ती विझत आलेल्या चितेसमोर. शांतता आहे ना, असे विचारून गेली.

मुलगी उंबऱ्यात बसून होती. तिच्या शेजारी बसलो तेव्हा ती म्हणाली, "इचारू नगा, एवढंच आई म्हनली व्हती. न इचारता वाट मिळाली न्हाई तर काय करायचं, ते न्हाई सांगितलं."

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची सभा ठरलेली होती. समन्वयक म्हणाली, "काका, तुम्ही नांदेडला जा. आम्ही करतो." मी गेलो नाही. उभा राहिलो आणि जे सांगायचे ते सांगितले. फक्त न विचारता चालण्याविषयीचा भाग माझ्या तोंडून बाहेर पडेना.

तहसील कार्यालयाचे उत्तर नंतर आले. ते मला तोंडपाठ आहे. जमीनधारकाने वाट नाकारल्याचे चौकशीत आढळून येत नाही, कारण मयताच्या नातेवाइकांनी जमीनधारकाकडे वाटेची मागणी केलेली नव्हती. सबब, अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, आणि 'अर्जदारास माहितीसाठी' म्हणून आक्काचे नाव. पाकिटावरही तिचेच नाव होते. पोस्टमनने ते घरासमोरच्या काळ्या जागेवरून चालत जाऊन तिच्या मुलीच्या हातात दिले.

मी अपील तयार केले. वारस म्हणून मुलीची सही लागणार होती, म्हणून फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, काल आमच्यातलं ते म्हातारं गेलं. तुमचा खांदा धरला व्हता ते."

"मग?"

"आमी इचारलं."

हातातला अपिलाचा कागद मी खाली ठेवला.

"त्यांच्या पोराला रोज कामाला जावं लागतं तिथं. अन् दारात आता जागा न्हाई, काका. लेकरं खेळत न्हाईत तिथं, आई हाय म्हनून. मालकानं लगेच काटी काढली. सोता उभं राहून काढली." तिचा श्वास अडखळला, तिच्या आईचा अडखळत असे तसा. "तुमी रागावू नगा."

मी रागावलो नव्हतो. जन्मभर ज्या रागावर जगलो, तो त्या क्षणी शोधूनही सापडला नाही.

"कुठं सही करायची ते सांगा," ती म्हणाली. "मी करते. पन अपिलात आईचं नाव वर ऱ्हाऊ द्या."

ते वरच आहे. त्याच्यापुढे कंसात 'मयत' असे लिहावे लागते, ते मी लिहिले.