साडेसात-सोळा

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी पस्तीस वर्षांचा होतो आणि उचगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून, माझं जीपगाड्यांचं गॅरेज होतं. शिक्षण चौथीपर्यंत. पण गाडीच्या आवाजावरून आत काय मोडलंय ते सांगायचो, आणि एकदा सांगितलेलं मागं घ्यायचो नाही. ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. मला तिचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडावर शिरोळचे एक बागायतदार आपली जुनी लष्करी जीप घेऊन आले. त्यांच्या मळ्याच्या वाटेवर ट्रॅक्टरनं गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या. जीपचं पोट मधल्या मातीवर टेकायचं आणि चाकं अधांतरी फिरायची. "मिस्त्री, गाडी उंच करा," म्हणाले. मी स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पान घातलं, बूड चार बोटं वर घेतलं. राहिले टायर.

जीपला मुळात सहा-सोळा असतो. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा आतल्या डिस्कचा. टायर जितका रुंद, तितका उंच. उंच केलेल्या गाडीला लोक सात-सोळा घालत. पलीकडच्या नाक्यावरच्या मिस्त्रीनं नुकताच एका गाडीला तोच घातला होता. जीपच्या मालकांनी त्याचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. "सात कोणबी बसवतंय," मी म्हणालो. "मी साडेसात बसवून दावतो."

शेजारी टायरवाले चाचा होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, सगळा जन्म टायरात गेलेला. साडेसातचे चार टायर बघून ते उठून आले.

"सात-सोळा बसव की बाबा. ह्ये मागं पत्र्याला लागंल."

"बोट जातंय की मधनं. घालून बघा."

"गाडी रिकामी हाय म्हणून जातंय. पोती भर, मग बोट घाल."

"चाचा, तुम्ही हवा भरा. गाडी मी बघतो."

चाचा एरवी माझ्या बोलण्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. हवा भरली आणि गेले.

आमच्या धंद्यात गाडी रिकामीच बघायची रीत. जॅकवर चढवायची, चाक फिरवायचं, पत्र्यात आणि टायरात बोट घालून अंतर बघायचं, झालं. आमच्या भागात जीपमध्ये चारच माणसं बसलेली मी कधी पाहिली नव्हती. तरी मी गाडी रिकामीच बघितली.

नवी केलेली गाडी आधी जोतिबाला न्यायची. रविवारी सकाळी मालक गाडी घेऊन दारात आले. चाकांना हळद-कुंकू, पुढं हार, आत अकरा माणसं. "मिस्त्री, तुमचा मान हाय, पुढं बसा," म्हणाले. बारावा मी.

कोल्हापूर ओलांडेपर्यंत खड्ड्यात एकदोनदा मागून फर्र असा आवाज आला. नवा टायर आहे, बसेल, असं मी मनाशी म्हटलं. डोंगराचा चढ लागला आणि प्रत्येक उजव्या वळणाला तो आवाज येऊ लागला. गाडी डावीकडं कलायची आणि मागचं डावं चाक पत्र्याला घासायचं. मग रबर करपल्याचा वास आला. मालकांना वाटलं, दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल. मला ठाऊक होतं कुठल्या गाडीचा.

मालकांची आई, सत्तरीची म्हातारी, बरोबर त्या चाकावरच्या बाकावर बसली होती. मांडीत नातू.

"आगं बया, खालनं तापाय लागलंय की."

"आई, ऊन हाय," मालक म्हणाले.

"ऊन वरनं लागतंय रं, बुडाला न्हाय लागत."

सगळे खदखदून हसले. मीपण हसलो. म्हातारी पुढं म्हणाली, "मिस्त्री, ही गाडी आतनं कण्हतीया." त्यावर कुणी हसलं नाही. मी तेव्हा "थांबा" म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणालो. माझ्या तोंडाला तो शब्द ठाऊकच नव्हता.

वर पोचल्यावर माणसं दर्शनाला गेली. मी पाय मोकळे करतो म्हणून मागं राहिलो आणि गाडीखाली शिरलो. पत्र्याच्या जोडावरची धार टायरात शिरली होती. आतल्या अंगानं गोल चर पडला होता आणि चरात टायरच्या आतले पांढरे दोरे दिसत होते. बोट लावलं तर चटका बसला. हा टायर उतारावर, बारा माणसांच्या ओझ्याखाली, दरीकडच्या अंगाला फुटला तर काय होईल, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय चाक मोठं झालं की ब्रेकची ताकद कमी पडते. तेही ठाऊक होतं.

माणसं परतली. कपाळाला गुलाल, हातात नारळ. बाळ झोपलं होतं. "चला, बसा," मालक म्हणाले.

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मालक, मी देवाला बोललोय. ही गाडी पहिल्यांदा रिकामी उतरवायची. माणसांनी चालत उतरायचं आणि आज दिवसभर तिच्यात ओझं घालायचं न्हाय."

"आन् आत्ता सांगताय व्हय?"

"देवाच्या दारात आल्यावरच सांगायचं असतंय त्ये."

मालक चिडले. पण म्हातारी नातवाला कडेवर घेऊन चालूसुद्धा लागली. "बरोबर हाय त्येचं. माझं आय-बा चालतच आलतं की." मग कोण काय बोलणार!

मी एकटा गाडी घेऊन उतरलो. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन भुंकत होतं. दोन वळणांनंतर ब्रेक मऊ लागायला लागला. तिसऱ्या वळणावर पाय पार खाली गेला आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर वळली. खाली पायवाटेवर माणसांची रांग दिसत होती. त्यांचे गुलालाचे ठिपके मी मोजले. अकराच्या अकरा होते.

खाली मंडळी एसटीची वाट बघत बसली. म्हातारीच्या टाचा फुटल्या होत्या. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "देवाला मानणारा माणूस हाय," म्हणाली. तिनं चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालक रिकामी जीप घेऊन निघाले आणि जाताजाता म्हणाले, "आज देवाचं झालं. उद्या आठ वाजता हीच समदी माणसं घेऊन निपाणीला जायचंय, बहिणीकडं बारसं हाय. उद्या दाबून भरतो गाडी."

मी बरं म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एसटी पकडून शिरोळला गेलो. जीप अंगणात उभी होती, माणसं चढून बसली होती, म्हातारी त्याच बाकावर. मी कुणाला रामराम घातला नाही. मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसलो, वॉल्व्हची पिन काढली आणि हवा सोडली.

"मिस्त्री! डोकं फिरलंय काय?" मालक धावत आले.

"नवस खोटा हुता, मालक," मी म्हणालो. "साडेसात ह्या गाडीला बसत न्हाय. माझं चुकलंय. खाली वाकून दोरे बघा."

ते वाकले. गाडीला स्टेपनी एकच होती. मी उठलो, पलीकडं गेलो आणि उजव्या चाकाचीही हवा सोडली.